खुटकटाईचा वास

तारिका नैतामने नागपूरच्या प्रयोगशाळेत खोटं सांगितलं तेव्हा खोलीत चारच माणसं होती. खोटं अगदी लहान होतं आणि ते बोलताना तिचा आवाजही बदलला नव्हता. पुढे त्याची झळ बावीस गावांना लागली. त्यांतलं एक तिचं स्वतःचं होतं.

गवत कापलं की एक हिरवा, उग्र वास सुटतो. पानाच्या पेशी फाटल्या की त्यांतली स्निग्ध द्रव्यं मोडून हवेत उडून जाणारे लहान रेणू तयार होतात, त्यांचा तो वास. प्रत्येक झाडाचं हे मिश्रण थोडं वेगळं असतं, आणि इजा कशाने झाली त्यावरही ते बदलतं. अळीने कुरतडलेल्या पानाचा वास वेगळा, उन्हाने करपलेल्याचा वेगळा, कोयत्याने छाटलेल्याचा वेगळा. आपल्या नाकाला हे फरक कळत नाहीत. काही पतंगांच्या मिशांना कळतात. डॉ. मंजिरी उकिडवे यांनी बारा वर्षं खपून त्या मिशांमधली वास पकडणारी प्रथिनं नखाएवढ्या चकतीवर बसवली आणि त्या उपकरणाला ‘गंधवेध’ हे नाव दिलं. दर दोनशे मीटरवर एका झाडाला एक गंधवेध बांधला की वाऱ्याचा हिशोब मांडून, जंगलात कुठे, कोणत्या झाडाला काय झालं, हे नागपुरात बसून कळायचं.

त्या वर्षांत हवेतला कार्बन धरून ठेवणाऱ्या जंगलांना जगभर मागणी होती. जंगल राखणाऱ्या गावांना मोबदला द्यायला परदेशी कंपन्या तयार होत्या, पण जंगल खरंच राखलं जातंय याचा त्यांना पुरावा हवा होता. गंधवेध हा तो पुरावा होता. गडचिरोलीतल्या बावीस ग्रामसभांनी करारावर सह्या केल्या. जंगलाला होणारी इजा ठरावीक मर्यादेबाहेर गेली तर तो भाग तीन वर्षं पूर्ण बंद राहील, असं एक कलम त्यात होतं. ग्रामसभांना त्याची भीती वाटली नाही. आपण जंगल तोडत नाही हे त्यांना माहीत होतं.

पण यंत्राला वास कळला तरी त्याचा अर्थ कळत नाही; तो कोणीतरी शिकवावा लागतो. वासाचे हजारो नमुने एकेक करून तपासायचे आणि प्रत्येकावर शेरा मारायचा: कीड, दुष्काळ, रोग, मानवी इजा, निरोगी वाढ. या शेऱ्यांवरून यंत्र पुढचं सगळं स्वतः शिकतं. शेरे मारण्याचं काम तारिकाकडे होतं.

ती कोसाटोल्याची, गोंड घरातली. वडील ती पाच वर्षांची असतानाच गेले. आई मैनाबाईने तिला जंगलाच्या भरवशावर वाढवलं. उन्हाळा लागताना मोहफुलं, मग चारोळी, मे महिन्यात तेंदूपानं, पावसाळ्यात रानभाज्या, हिवाळ्यात हिरडा नि बेहडा. तारिकाचं वसतिगृह, कॉलेज, पुस्तकं सगळं त्यातून निघालं.

संस्थेत मात्र तिने पहिल्याच आठवड्यात वडील वनरक्षक होते असं सांगून टाकलं होतं. कॅन्टीनमध्ये पुष्कर नावाच्या सहकाऱ्याने तिला विचारलं होतं, की तुमच्याकडे लोक अजून जंगल पेटवतात का. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण टेबलावरचे सगळे कुतूहलाने तिच्याकडे वळले, आणि त्या नजरांपासून सुटायला तिने मेलेल्या बापाला खाकी कपडे चढवले.

तेंदूच्या नमुन्यांची पाळी सप्टेंबरात आली. विडीला लागणारं पान ते हेच. फेब्रुवारी सरता सरता त्याची झुडपं जमिनीलगत छाटतात. त्याला तिकडे खुटकटाई म्हणतात. छाटलेल्या खुंटांना दीड महिन्यात नवी, मऊ, रुंद पानं येतात आणि तीच मे महिन्यात तोडतात. झुडूप त्याने मरत नाही, उलट मुळातून जोर धरतं. पण छाटणीच्या वेळचा वास हा पेशी फाटल्याचाच वास असतो, आणि तो हजारो झुडपांतून एकदम उठतो. पडद्यावर त्या आलेखाचा उभा सुळका दिसला तेव्हा डॉ. उकिडवे बराच वेळ त्याकडे पाहत राहिल्या.

"हे नुसतं नुकसान आहे, की याचा झाडाला काही उपयोग असतो?" त्यांनी विचारलं.

पुष्कर म्हणाला, तारिकाला विचारा, तिचे वडील वनखात्यात होते.

तारिकाला उत्तर माहीत होतं. आठव्या वर्षापासून ती आईबरोबर छोटा कोयता घेऊन खुटकटाईला जात होती. कोणता खुंट किती ठेवायचा हे तिच्या हाताला माहीत होतं. पण उत्तर दिलं की पुढचा प्रश्न येणार होता: तुला कसं माहीत? आणि मग वनरक्षक बाप, त्याच्यामागची आई, आईच्या डोक्यावरचं पानांचं ओझं, सगळंच टेबलावर येणार होतं.

"उपयोग नाही," ती म्हणाली. "जुनी सवय आहे लोकांची."

डॉ. उकिडवेंनी मान हलवली. तारिकाने त्या चारशे नमुन्यांवर ‘मानवी इजा’ असा शेरा मारला आणि ती जेवायला गेली.

पुढच्या हिवाळ्यात बावीस गावांच्या जंगलांत गंधवेध बसले. लोक त्याला ‘नाक’ म्हणू लागले. फेब्रुवारीत नेहमीसारखी खुटकटाई झाली, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात बावीसच्या बावीस गावांचे आकडे मर्यादेबाहेर गेले. करारातलं कलम लागू झालं. तेंदू, मोहफुलं, चारोळी, डिंक, सगळं तीन वर्षं बंद. फाट्यांवर पाट्या लागल्या आणि चौकीदार बसले.

संस्थेने लोकांना समजावून सांगायला तारिकाला पाठवलं. ती तिकडची होती, तिला भाषा येत होती.

कोसाटोल्याची ग्रामसभा समाजमंदिरात भरली. अध्यक्ष दसरू गोटा हे साठीतले गृहस्थ, कमी बोलणारे. त्यांनी तारिकाला खुर्ची दिली आणि स्वतः सगळ्यांबरोबर खाली बसले. तिने आलेख दाखवला, सुळका दाखवला, कलम वाचून दाखवलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बायकांमधून एकजण म्हणाली की खुटकटाईने झाडाला काही होत नाही, आमच्या आजीच्या आजीपासून तीच झुडपं आहेत. दुसरी म्हणाली, यंत्राला हे कोणी सांगितलं नसेल. हळूहळू सगळ्यांच्या माना तारिकाकडे वळल्या.

"तू तं स्वतः केली हाय खुटकटाई," दसरू गोटा म्हणाले. "तूच सांग न वो, नाक चुकलं का बरोबर हाय?"

मैनाबाई मागे भिंतीला टेकून बसली होती. तिने लेकीकडे पाहिलंही नाही. उत्तर काय येणार याची तिला खात्री होती.

तारिकाबरोबर संस्थेचे दोन अधिकारी होते. ती म्हणाली की यंत्र वास मोजतं, आणि मोजण्यात ते चुकत नाही. हे अक्षरशः खरं होतं. दसरूंनी वहीत सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि सभा संपल्याचं सांगितलं. बाहेर पडताना मैनाबाईने तिला एवढंच विचारलं, की जेवून जाशील की तसंच निघायचं आहे. तारिका म्हणाली, गाडी थांबली आहे.

त्या मे महिन्यात फळीवर, म्हणजे गावाबाहेरच्या मैदानात जिथे पानांचे पुडे मोजून वाळत घालतात तिथे, एकही पुडा आला नाही. पावसाळा लोकांनी कसाबसा काढला. दिवाळीनंतर माणसं मिरची तोडायला तेलंगणात जाऊ लागली. पूर्वी गावातून आठ-दहा तरुण जायचे. त्या वर्षी घरंच्या घरं गेली, लहान पोरांसकट. मैनाबाईही गेली. तारिकाने फोन करून तिला थांबवायचा प्रयत्न केला, माझा पगार आहे, तू कशाला जातेस, म्हणाली. मैनाबाईने सांगितलं की त्या नाकाचा पैसा घरात नको. मग तिने तारिकाची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

तारिकाने त्यानंतर कामात डोकं घातलं. त्याच हिवाळ्यात, जानेवारीत, तिच्यासमोर बंद केलेल्या भागांचा दहा महिन्यांचा आलेख आला. मानवी इजा शून्यावर होती. अहवालात ते यश म्हणूनच लिहिलं गेलं होतं. पण खालच्या दुसऱ्या रेषा कोणी पाहिल्या नव्हत्या. न तोडलेल्या तेंदूपानांवर गाठी आणणारी कीड तिपटीने वाढली होती. जुन्या, राठ पानांचा दुष्काळी वास महिनाभर आधीच सुरू झाला होता. मग तिने गेल्या फेब्रुवारीचं जुनं मोजमाप उघडलं, सुळक्यानंतरचं, जे कोणी पुढे बघितलं नव्हतं. सुळका चार दिवसांत उतरला होता. चाळीसाव्या दिवशी त्याच खुंटांमधून कोवळ्या वाढीचा वास इतका दाट उठला होता, की यंत्राने त्यावर आपण होऊन ‘निरोगी वाढ’ असा शेरा मारला होता. सगळं तिथेच होतं. यंत्राने जे खरं आहे ते टिपलं होतं. त्याला चुकीचं शिकवलं होतं तिने.

पहिल्यांदा तिने ते गुपचूप सुधारायचं ठरवलं. शेरा बदलायचा, कारणाच्या रकान्यात ‘नवी निरीक्षणं’ असं लिहायचं आणि यंत्र आपोआप सुधारल्यासारखं दाखवायचं. तिने तसा अर्ज केला. तांत्रिक समितीचं उत्तर चार दिवसांत आलं. नव्या निरीक्षणांवरून शेरा बदलायचा असेल तर आणखी दोन हंगामांची मोजमापं लागतील. मूळ शेराच चुकून किंवा जाणूनबुजून खोटा मारला गेला असेल, तर मात्र शेरा मारणाऱ्याच्या लेखी जबाबावर तो तात्काळ रद्द करता येईल.

दोन हंगाम म्हणजे आणखी दोन वर्षं. जबाब दिला तर याच महिन्यात जंगल उघडणार होतं.

तिने तीन दिवस काढले. या तीन दिवसांत ती रोज कामावर गेली, लोकांशी बोलली, कॅन्टीनमध्ये जेवली. चौथ्या दिवशी सकाळी ती डॉ. उकिडवेंच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं: खुटकटाई काय असते, ती स्वतः ती करत होती, वडील वनरक्षक नव्हते, आई पानं तोडून जगते.

डॉ. उकिडवेंनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"मी तुला विचारलं होतं, तारिका."

"हो."

"मग का नाही सांगितलंस?"

तारिकाने रात्रभर या प्रश्नाची बरीच उत्तरं तयार केली होती. त्यांतलं एकही तिने दिलं नाही.

"मला लाज वाटली," ती म्हणाली.

डॉ. उकिडवे म्हणाल्या की बावीस गावांच्या पोटाचा प्रश्न आपण एका मुलीला विचारून मोकळे झालो, एकाही गावात जाऊन विचारलं नाही, हे त्यांच्याही जबाबात जाईल. त्या तसं बोलल्या आणि तसंच त्यांनी केलं. पण तारिकाची नोकरी त्यांना वाचवता आली नाही. वाचवायचा प्रयत्न त्यांनी केलाही नाही. तारिकाला ते योग्यच वाटलं. पुष्करने जाताना तिच्या सामानाचं खोकं खालपर्यंत आणून दिलं.

कोसाटोल्यात पोचली तेव्हा मैनाबाई तेलंगणातून परत आलेली होती. मिरचीने तिच्या बोटांची कातडी सोलली होती आणि ती हात पाण्याच्या घमेल्यात बुडवून अंगणात बसली होती. तारिकाने जमिनीवर बसून तिला सांगितलं. ते बोलणं फार वेळ चाललं नाही.

मैनाबाईने घमेल्यातून हात काढले आणि लुगड्याला न पुसता तसेच मांडीवर ठेवले.

"तू आमाले लाजत होती का?" तिने विचारलं.

तारिकाने होकारार्थी मान हलवली.

"किती सालापासून?"

तारिकाला नेमकं साल सांगता येईना. आठवीत वसतिगृहावर आई मोहफुलांचं गाठोडं घेऊन भेटायला आली होती, तेव्हापासून बहुतेक. ती म्हणाली, शाळेपासून.

मैनाबाई उठून आत गेली. बऱ्याच वेळाने तिने आतूनच विचारलं की भाकर खाशील का. तारिका हो म्हणाली. दोघी एकाच चुलीपुढे बसून जेवल्या, पण त्या दिवशी आई तिच्याशी आणखी काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

ग्रामसभेत तिने तेच सगळ्यांसमोर सांगितलं. या वेळी तिला खुर्ची कोणी दिली नाही. काही बायका उठून निघून गेल्या. त्यांतली एक, जिची नात तेलंगणात तापाने गेली होती, दारात क्षणभर थांबली, तारिकाकडे बघितलं आणि मग गेली. तारिकाला शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काहींचं म्हणणं होतं की तिला दंड करावा. दसरू गोटांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की दंडाने कोणाचं पोट भरत नाही. जंगल उघडल्याचा कागद बावीस गावांत पोचेल, पण का बंद झालं होतं हे कागदात नसेल. लोक म्हणतील, नाक बिघडलं होतं, दुरुस्त झालं. म्हणून उरलेल्या एकवीस गावांत तारिकाने स्वतः जावं, ग्रामसभेपुढे उभं राहावं आणि आपल्या तोंडाने सांगावं. खुटकटाईचे दिवस सरण्याआधी.

ती गेली. कुठे बसने, कुठे कोणाच्या मोटरसायकलवर, बरंचसं पायी. कुठे लोकांनी चहा दिला, कुठे पाणीही विचारलं नाही. एका गावात तरुण पोरांनी तिला दोन तास सभेबाहेर उभं ठेवलं. ती प्रत्येक ठिकाणी मराठीतून बोलत होती. गोंडी तिला येत होती, पण मराठीतून हे सांगणं थोडं सोपं जायचं.

शेवटचं गाव पेंढरटोला. तिथे ती पोचली तेव्हा सोळापैकी चौदा घरांना कुलपं होती; माणसं अजून मिरचीवरून परतली नव्हती. एका घरात एक आजारी माणूस झोपला होता. दुसऱ्या घराच्या ओट्यावर सुनकीबाई पोटावी नावाची म्हातारी बसली होती. सत्तरीची असेल. ग्रामसभा भरवायला माणसंच नव्हती, म्हणून तारिका तिच्यासमोर ओट्याखाली बसली आणि तिने एकटीलाच सांगितलं.

सुनकीबाईने सगळं ऐकलं. तिला राग आलेला दिसला नाही. तिने फक्त विचारलं, "म्हणजे आमी झाडाईले मारत नोयतो?"

तारिका म्हणाली, नाही, मारत नव्हता.

मग म्हातारीने तिला जे सांगितलं ते तारिकाने कोणत्याही अहवालात वाचलं नव्हतं. बंदी आली त्या महिन्यात तिच्याच प्रचाराची एक गाडी पेंढरटोल्यात आली होती. गाडीवर भोंगा होता. त्या लोकांनी नाकाने टिपलेल्या वासाचा आवाज करून गावाला ऐकवला होता. खुटकटाई होताना तेंदूची झुडपं अशी रडतात, असं ते म्हणाले. आवाज बारीक होता, तान्ह्या लेकरासारखा, आणि तो बराच वेळ चालला. गावातल्या लोकांनी तो उभ्याने ऐकला. काही बायका रडल्या.

"माही अख्खी जिनगानी त्या रानात गेली," सुनकीबाई म्हणाली. "चौकीदाराले मी भेत नाही. पण तेव्हापासून मी रानात पाय नाही ठेवला. कोणत्या तोंडानं जाऊ? मले लाज वाटे."

एकवीस गावं तारिका आपली लाज घेऊन फिरत होती. वर्षभर ती लाज इथे या ओट्यावर, भलत्याच माणसाजवळ होती, आणि ती पोचवणारी तीच होती. म्हातारीच्या पायांना हात लावायला ती वाकली, पण सुनकीबाईने पाय आत घेतले.

समोरच्या मोहावरून एकेक फूल खाली पडत होतं आणि वेचायला कोणी नव्हतं.

"पुन्हा सांग," सुनकीबाई म्हणाली. "पण मराठीत नको. ह्या झाडाईले मराठी नाही समजत, मलेबी अर्धीच समजते. गोंडीत सांग."

तारिकाने गोंडीत सुरुवात केली. दहा-बारा वर्षं तिने ती भाषा नीट बोललेली नव्हती. लहानपणचे साधे शब्दही तिला सापडेनात. ती थांबायची, मागे जायची, पुन्हा धरायची. आणि जिथे तिला शब्द मिळत नव्हता, तिथे म्हातारी तो हळूच पुरवत होती.